दुखरी जमीन

वॉरिक व्हायब्रोचा मला अजून राग येतो. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण म्हणणारे कधी वॉरिकसमोर पत्ते घेऊन बसलेले नसतात.

माझं दुकान बर्नीत, बंदराच्या वरच्या रस्त्यावर. आधी तिथं बूट विकले जायचे, आणि पाऊस लागला की अजून भिंतींना कातड्याचा वास येतो. शनिवारी दुपारी मी आत टेबलं मांडते आणि येतील ते लोक पत्ते खेळतात. पंच मीच. नोलीनचं दुकान, नोलीनचाच न्याय. कुणाला पटत नसेल त्यानं समुद्रावर जाऊन सीगलांशी खेळावं.

आमचा खेळ बाहेरच्याला किचकट वाटतो, पण गाभा सोपा आहे. प्रत्येकाचा पत्त्यांचा कॅट आपापला, आणि दोघांचे वीस-वीस जीव. पुढ्यात वीस बाजूंचा फासा, जीव गेला की त्यावरचा आकडा उतरवायचा. जमिनीची पानं मांडायची, ती आडवी करून बळ काढायचं, त्या बळावर राक्षस-बिक्षस उतरवायचे आणि समोरच्याला शून्यावर आणायचं. साधी जमीन एकाच रंगाचं बळ देते आणि काही मागत नाही. दुखरी जमीन हव्या त्या रंगाचं देते, पण दर वेळी मालकाचाच एक जीव खाते. घाई असलेल्यांचं पान ते.

माझ्या दुकानात त्या पानाची एक रीत आहे. दुखरी जमीन आडवी केली की तोंडानं म्हणायचं, "एक घेतो." समोरच्यानं म्हणायचं, "घे." मग फासा एकानं खाली. आणि दुसरा नियम याहून कडक. कुणीही विसरलं, समोरचा किंवा तुम्ही स्वतः, आणि तुम्हाला दिसलं, तर तिथल्या तिथं बोलायचं. दिसूनही गप्प राहिलात आणि पुढं त्याचा फायदा उठवलात, तर ती चोरी. चोराचा डाव जातो आणि वर्षभर त्याला माझं दार बंद.

वॉरिक लाकडाचे ट्रक चालवायचा. त्याच्याइतक्या दुखऱ्या जमिनी बर्नीत कुणाच्याच कॅटमध्ये नव्हत्या. "जीव खर्चायलाच असतात गं," म्हणायचा, "शेवटचा तेवढा सांभाळायचा." पहिल्या चार पाळ्यांत स्वतःला अर्धमेला करून घ्यायचा आणि पाचव्या पाळीत समोरच्याला उडवायचा. वर दात काढून हसायचा. हरलेला माणूससुद्धा त्याला चहा पाजून जायचा.

मग त्याच्या किडन्या गेल्या. बायकोनं, लिनेटनं, आपली एक काढून दिली. मेलबर्नला जाऊन दोघं महिनाभर राहून आले, आणि वॉरिक पुन्हा ट्रकवर चढला. बरीच वर्षं छान गेली. त्यानंतर लिनेटला उरलेल्या किडनीत कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी त्याला परोपरीनं सांगितलं की याचा त्याच्याशी काही संबंध नाही, कुणालाही होतो. वॉरिकनं एकच प्रश्न विचारला.

"दोन असत्या, तर ही एक काढून टाकली असती ना?"

डॉक्टर खरं बोलणारी बाई होती. हो म्हणाली.

लिनेटला पुरल्यानंतरच्या शनिवारी तो दुकानात आला, कॅट उघडला आणि सगळ्या दुखऱ्या जमिनी वेचून बाहेर काढल्या. त्या ब्रॉनीला, मुलीला, देऊन टाकल्या. तेव्हापासून तो नुसत्या साध्या हिरव्या जमिनींवर खेळायचा. सावकाश, गोगलगायीच्या चालीनं. अर्ध्याहून जास्त डाव हरायचा, पण स्वतःच्या हातानं स्वतःचा एक जीव कधी कमी केला नाही. कोणी काही विचारलं नाही. आमच्याकडे असं काही विचारत नाहीत, चिप्सची पिशवी पुढं सरकवतात.

मग लिनेटची किडनीही त्याच्या अंगात बंद पडली. "लिनेट दुसऱ्यांदा गेली," एवढंच मला म्हणाला. आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या मशीनवर बसायची पाळी आली. डाव्या हाताची शीर फुगून दोरीएवढी झाली. चिप्स बंद, चहा बंद, पाणी मोजून. टेबलाशी बसला की बर्फाचे खडे भरलेला कागदी पेला जवळ ठेवायचा आणि तहान लागली की एक खडा तोंडात टाकायचा.

ब्रॉनी माशांच्या कारखान्यात सुरी चालवते. बापासारखीच ठेंगणी, रुंद, आणि बापासारखीच हट्टी. तिनं त्याला न सांगता सगळ्या तपासण्या करून घेतल्या. रक्त जुळलं, बाकीचंही जुळलं. एका शनिवारी माझ्या दुकानात, सगळ्यांदेखत, ती त्याच्यासमोर येऊन बसली.

"डॅड, माझ्याकडे दोन आहेत. एक घे."

वॉरिकनं बर्फाचा खडा कडाकडा चावला. "नको."

"कारण सांग."

"कारण तुला ठाऊक आहे. एकदा घेतली. तेवढी पुरे."

"आईला कॅन्सर झाला. तू नाही केलास."

"एक काढून टाकता आली असती, ब्रॉनी."

"आणि तू असाच सुकत जाशील, ते मी बघत बसू?"

"मी कुठं सुकतोय? पाणी कमी पितो एवढंच." आणि हा माणूस हसला. मला तेव्हाच त्याच्या डोक्यात तो पेला घालावासा वाटला होता.

नुसत्या बोलण्यानं वॉरिक हलणार नव्हता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसला माणूस. ब्रॉनीला ते माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. तिनं पिशवीतून कॅट काढून टेबलावर ठेवला. त्याच्या जुन्या कॅटसारखाच, त्यानं देऊन टाकलेल्या दुखऱ्या जमिनींसकट.

"खेळून ठरवू. एकच डाव. मी जिंकले तर तू माझ्याबरोबर मेलबर्नला यायचं आणि मी देईन ते घ्यायचं. तू जिंकलास तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही."

"कधीच?"

"कधीच."

"अरे, डोकी ठिकाणावर आहेत का तुमची?" मी काउंटरमागून ओरडले. "किडनीवर कसला डाव लावता?"

"तू पंच आहेस नोल, पाद्री नाहीस," वॉरिक म्हणाला आणि स्वतःचा कॅट पिसायला घेतला.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. या दोघांनी मारलेली पैज कुणी मोडेल अशी शंकासुद्धा दुकानात कुणाच्या मनात आली नाही. ब्रॉनी लहान असताना वॉरिक तिच्याशी भांडी घासण्यावर डाव लावायचा आणि हरला की गपचूप घासायचा. त्या घरात शब्द म्हणजे शब्द. म्हणूनच मी काउंटर सोडून त्यांच्या टेबलाशी येऊन उभी राहिले.

बाकीची टेबलं थांबली नाहीत, पण बोलणी थांबली. ब्रॉनी वाऱ्यासारखी खेळत होती. दुसऱ्याच पाळीला दुखरी जमीन आडवी. "एक घेते." "घे," वॉरिक म्हणाला. पुन्हा, "एक घेते." "घे." तिचा फासा घसरत होता आणि त्याच्यावर एकामागून एक राक्षस चालून जात होते. तो एक-एक हिरवी जमीन मांडत होता, एखादं अस्वल उतरवत होता, मार खात होता. मी मनात म्हणत होते, ये पोरी, संपव त्याला.

मधेच त्याच्या फुगलेल्या हातात पेटका आला. मशीनवरच्या माणसांना येतो तसा. कोपराचा धक्का लागून पेला आडवा झाला आणि बर्फ टेबलभर पसरला. "पानं उचला, पानं!" असं ओरडत मी फडकं आणायला मागं धावले. परत आले तेव्हा वॉरिक हात चोळत बसला होता, ब्रॉनीचा चेहरा पांढरा पडला होता आणि तिनं एक नवा राक्षस उतरवलेला होता. मी टेबल पुसलं. डाव पुढं चालू झाला.

शेवट जवळ आला. वॉरिकचे तीन जीव उरलेले. ब्रॉनीच्या पुढच्या पाळीत ते जाणार हे टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला दिसत होतं. त्याच्याकडे ही एकच पाळी होती. त्यानं आपली सगळी अस्वलं सोडली. ब्रॉनीनं अडवायची तेवढी अडवली, बाकीचा मार घेतला आणि फासा फिरवला. एकावर थांबला.

एक! तिनं डोळे मिटून श्वास सोडला. माझ्या तोंडून "हुश्श" निघालंच. पंचानं असं करू नये, पण निघालं.

वॉरिकनं हात वर केला. "पंच."

"आता काय?"

"पेला सांडला तेव्हा हिनं दुखरी जमीन आडवी केली होती. तो राक्षस त्यावरच उतरला. 'एक घेते' म्हणाली नाही आणि फासाही उतरवला नाही."

मी पानं मोजली. राक्षसाला लागणारा काळा रंग तिच्या टेबलावर दुसऱ्या कुठल्याच जमिनीतून निघत नव्हता. म्हणजे बरोबर होतं. "ब्रॉनी? म्हणाली होतीस?"

ती त्या पानाकडे बघत होती. "नाही."

विसरलेला जीव लक्षात येताच वजा करायचा, हा नियम. एकातून एक गेला की शून्य. डाव वॉरिकचा. पण त्याआधी मला एक प्रश्न विचारणं भाग होतं, आणि दुकानातल्या प्रत्येकाला तो ठाऊक होता. त्याच क्षणी दिसूनही वॉरिक गप्प बसला असेल तर तो चोर, आणि डाव ब्रॉनीचा.

"वॉरिक, तुझ्या लक्षात कधी आलं?"

समोरच्याचं विसरलेलं 'एक घेतो' वॉरिकच्या नजरेतून सुटलेलं मी आजवर पाहिली नव्हती. पोरं विसरायची, तर हाच बोलायचा, "अरे, एक घे की." स्वतः हरत असला तरीसुद्धा. मी त्याच्याकडे रोखून बघितलं. बोल, म्हटलं, एवढंच खरं बोल आणि जगून दाखव.

त्यानं माझ्या डोळ्याला डोळा भिडवला. "आत्ता," म्हणाला.

खोटं. धडधडीत खोटं. मला कळलं, आणि मला कळलं हे त्यालाही कळलं. पण ज्याचं तोंड हेच माझ्या दुकानातलं वजनमाप होतं, त्याला कुठला काटा लावून खोटा ठरवणार होते मी? चोरी म्हणायला पुरावा लागतो, आणि पुरावा त्याच्या डोक्याच्या आत होता.

"एक वजा," मी म्हणाले. "शून्य. डाव वॉरिकचा."

ब्रॉनीनं फासा हातात घेतला, बघितला, खिशात टाकला. ती काहीतरी बोलेल असं मला वाटलं. ओठ हललेसुद्धा. मग तिनं पानं गोळा केली, बापाला कोट चढवला आणि त्याला घेऊन गाडीकडे गेली.

तिनं शब्द पाळला. सगळा हिवाळा ती त्याला मशीनवर नेत होती, परत आणत होती, त्याच्यासाठी मिठाशिवायचं सूप करत होती, आणि त्या विषयावर चकार शब्द काढत नव्हती. वॉरिक मात्र पुन्हा दुकानात आला नाही. लोक म्हणाले, थकला असेल. मी काय ते ओळखलं. चोराला वर्षभर दार बंद, हा नियम त्यानं स्वतःच स्वतःला लावला होता. इतका प्रामाणिक लबाड मी दुसरा पाहिला नाही. कधी त्याच्या घरावरून जायचे तर खिडकीत एकटाच बसलेला दिसायचा, समुद्राकडे तोंड करून. मी हात हलवायचे नाही. राग, दुसरं काय!

वसंतात त्याचं हृदय बिघडलं. मशीन झेपेना. डॉक्टरांनी ब्रॉनीला बसवून सांगितलं की आता मशीन थांबवतोय, त्रास होऊ देणार नाही, आणि ऑपरेशनची गोष्ट तर आता कुणीही डोक्यात आणू नये. तेव्हा मी हॉस्पिटलात गेले.

दुपारची वेळ होती. वॉरिक सुजला होता, डोळे पिवळे, पण ओळख होती. ब्रॉनी कॉफी आणायला गेली होती.

"नोल," तो म्हणाला, "तेव्हाच दिसलं होतं."

"ठाऊक आहे मला, गाढवा."

"बरं झालं सांगितलं. पोटात ठेवून जायचं नव्हतं." थोडा दम खाल्ला. "तिला नको सांगूस. ती सरळ खेळली. सरळ खेळलेल्या पोरीला बापानं फसवलं, हे तिला कशाला?"

मी उठून बाहेर आले. नको सांगूस म्हणे! ब्रॉनी भिंतीला टेकून उभी होती, हातात दोन पेले. मी सांगून टाकलं. "तो खोटं बोलला होता. कबूल केलंय. निकाल मी फिरवते, ब्रॉनी. डाव तू जिंकली होतीस." माझ्या निकालाचा आता काय उपयोग होता देव जाणे, पण मला तो फिरवायचा होता.

ती दचकली नाही. पेले खिडकीत ठेवले.

"मी जिंकले नव्हते."

"म्हणजे?"

"मलाही दिसलं होतं, नोल. पुढच्याच पाळीला. पानाकडे बघितलं आणि आठवलं की मी घेतलाच नाही. बोट फाशावर गेलं होतं माझं. मग म्हटलं, राहू दे. एक जीव. त्याच्याचसाठी तर आहे. आणि बोट मागं घेतलं."

"अगं, मग मी विचारलं तेव्हा बोलली का नाहीस? दोघांची चोरी म्हणजे डाव रद्द! परत खेळला असतात!"

"मला तू 'म्हणाली होतीस?' एवढंच विचारलंस. दिसलं कधी, ते फक्त त्याला विचारलंस."

"पण तुला तोंड होतं ना!"

"होतं." तिचा आवाज फाटला. "लाज वाटली गं. इतकी वर्षं त्यानं मला शिकवलं, दिसलं की बोलायचं. त्याच्यासमोर मी कसं म्हणू, की मीही चोरच? त्या दिवशी नाही बोलले. मग वाटलं, उद्या बोलू. मग विषय काढायचा नाही असा शब्द दिला होता. एवढीशी लाज, नोल. तेवढ्यानं हातचा गेला तो."

मला दोघांना एका दोरीला बांधून बडवावंसं वाटलं, आणि मला रडूही आलं. एका टेबलाशी दोन चोर, एकमेकांसाठी चोरी करणारे, आणि दोघंही दुसऱ्याला साधू समजत बसलेले. सबंध हिवाळा. मी तिला खांद्याला धरून आत ढकललं. "जा. सांग त्याला. आता तरी."

ती त्याच्या उशाशी वाकली. "डॅड, मलाही दिसलं होतं. मीही गप्प बसले."

वॉरिकला कळायला वेळ लागला. मग त्याचं पोट हलायला लागलं. तो हसत होता. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, तेवढंच काय ते पाणी त्याच्या अंगातून बाहेर जात होतं.

"मग डाव रद्द," तो म्हणाला. "परत मांड."

तिच्या पिशवीत दोघांचेही कॅट होते. तिनं पांघरुणावर पानं वाटली, त्याला सात, स्वतःला सात. त्याच्या बोटांत पानं राहीनात, मग मी त्याच्या बाजूनं धरली. एक जमीन मांडली, दुसरी मांडली. तिसऱ्या पाळीला त्यानं मला हातानंच थांबवलं. काय खेळायचं ते त्याला सुचत नव्हतं. ब्रॉनीचे राक्षस येत गेले आणि तो मान हलवत गेला.

"मी जिंकले," ब्रॉनी म्हणाली.

"हो." त्यानं डोळे मिटले. "ठीक आहे पोरी. घेतो. जाऊ मेलबर्नला."

आता त्या होकारातून काहीच निघणार नाही हे त्याला माहीत होतं. तिच्याकडून काही घेतलं जाणार नाही, म्हणूनच तो हो म्हणू शकला. हे मला तिथं उभ्याउभ्या कळलं आणि मी त्याच्यावर पुन्हा एकदा चिडले.

ब्रॉनी उठली. मला वाटलं तोंड धुवायला चाललीय. ती सरळ नर्सच्या काउंटरपाशी गेली आणि काउंटरवर दोन्ही हात ठेवले.

"माझे वडील हो म्हणाले," ती म्हणाली.

नर्सनं मान वर करून विचारलं, "कशाला?"